कसब हाती, भाकरीची हमी कोणाची?

भोकरदन तालुक्यात रब्बीचा गहू-हरभरा ऐन भरात असताना विहिरीवरची मोटार जळाली, तर शेतकऱ्याच्या घरावर जी अवकळा येते तिची कल्पना शहरातल्या माणसाला सहसा यावयाची नाही. मोटार वर काढायची, कोणाची तरी दुचाकी मागायची आणि ते धूड पोटाशी धरून तालुक्याच्या गावी वाइंडिंगचे दुकान गाठायचे, हा त्याचा ठरलेला प्रवास असतो. दुकानात आधीच पाच-सात मोटारी ओळीने पडलेल्या असतात. प्रत्येकीमागे एक शेत असते आणि प्रत्येक शेतात पाण्याची पाळी चुकत चाललेली असते. त्या दोन-तीन दिवसांत पीक वाचणार की जाणार याचा निर्णय मंत्रालयात होत नाही, बँकेत होत नाही आणि कृषी विद्यापीठातही होत नाही. जळालेली तार उपसून खाचांत नवे तांबे भरणाऱ्या कारागिराच्या बोटांत तो असतो. मात्र या कारागिराची नोंद नियोजनाच्या कोणत्याही कागदावर ठळकपणे सापडत नाही.

त्याच दुकानासमोरून पाठीवर पिशव्या लावलेले तरुण अभ्यासिकेकडे जात असतात. कोणी पोलीस भरतीसाठी धावत असतो, कोणी तलाठ्याच्या जागेची वाट पाहत असतो, कोणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला चौथ्यांदा बसत असतो. जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंच्या संख्येने, हे गणित त्यांना कळत नाही असे नव्हे. तरीही ते वर्षामागून वर्ष घालवतात, कारण जमिनीचे तुकडे होत होत वाट्याला आलेले दोन-तीन एकर कोरडवाहू रान कोणाला जगवू शकत नाही, आणि ‘कायम’ या शब्दाचा अर्थ सरकारी नोकरीपलीकडे दुसरा कोणता असू शकतो हे त्यांना कोणी दाखवलेले नाही. अशा वेळी पंखा, मिक्सर, शीतकपाट, धुलाईयंत्र, कूलर आणि मोटार यांच्या दुरुस्तीचे शिक्षण हा स्थिर उपजीविकेचा मार्ग होऊ शकतो काय, हा प्रश्न क्षुल्लक मानून बाजूला सारण्याजोगा नाही. समाजवादी चळवळीने तर तो मुळीच बाजूला सारू नये.

काम आहे की नाही, हे पहिल्यांदा पाहिले पाहिजे. त्यासाठी एखाद्या अहवालाची गरज नाही, तालुक्याच्या बाजारपेठेत वर्षभर डोळे उघडे ठेवून वावरले तरी पुरे. फाल्गुन उलटला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. त्यांचे पंप अडकलेले असतात, पंख्यांची बेअरिंगे खडखडत असतात. वैशाखात शीतकपाटे बंद पडतात. पावसाळ्याच्या तोंडाला विजांचा कडकडाट झाला की दूरचित्रवाणी संचांचे आणि सौर पंपांच्या नियंत्रकांचे कार्ड जळून येतात. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी आणि चटण्या वाटून मिक्सरचे कपलर आणि कार्बन झिजतात. कार्तिकानंतर मोटारींचा हंगाम सुरू होतो. ज्याच्या हाताला यांतली तीन-चार कामे येतात, त्याचा हात वर्षाच्या बाराही महिन्यांत रिकामा राहत नाही. शेतमजुराला वा ऊसतोड कामगाराला हे भाग्य नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासाने या बाबतीत एक बोलका धडा घालून दिला आहे. पैठण तालुक्यातील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, तेव्हा घरोघरी जाणारी यंत्रे आपल्या भागात तयार होतात याचा मराठवाड्याला अभिमान होता. आसपासच्या गावांतील असंख्य तरुणांच्या मनात कारखान्याची नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती हे समीकरण त्या काळात रुजले. कर्जाच्या डोंगराखाली ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ती निश्चिंती पुसली गेली. मालकाच्या व्यवहारांशी ज्याचा कवडीचा संबंध नव्हता, त्या कामगाराने त्या व्यवहारांची किंमत मोजली. परंतु त्या कारखान्यातून बाहेर पडलेले संच आणि यंत्रे त्यानंतरही घराघरांत चालत राहिली, बिघडत राहिली आणि दुरुस्त होत राहिली. कारखाना बंद पडला, दुरुस्तीचे दुकान बंद पडले नाही. उत्पादनाची भांडवली व्यवस्था कोसळते तेव्हाही वापरणाऱ्या माणसाची गरज कायम राहते आणि त्या गरजेला बांधलेले काम टिकते, असा याचा अर्थ आहे.

परंतु काम टिकणे ही एक गोष्ट आहे आणि काम करणाऱ्याचे जीवन स्थिर होणे ही अगदी दुसरी. या दोहोंची गल्लत करण्यातच आजच्या ‘कौशल्य’वादी प्रचाराचे सारे चातुर्य सामावले आहे. ‘कसब शिका, स्वतःच्या पायावर उभे राहा’ असे तरुणाला सांगितले जाते. तो उभा राहिला नाही तर दोष त्याच्या पायांचा ठरतो. त्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. दुरुस्तीच्या धंद्यात ही जमीन चार गोष्टींची बनलेली असते : नीट शिक्षण, सुटे भाग आणि तांत्रिक माहिती, हत्यारांपुरते भांडवल, आणि आजारपण, अपघात व म्हातारपण यांची तरतूद. भोकरदनच्या कारागिराकडे यांपैकी काय आहे, याचा हिशेब मांडला म्हणजे प्रश्नाचे खरे रूप दिसू लागते.

शिक्षणापासून आरंभ करावा. आजही यातले बहुतेक कारागीर कोणाच्या तरी हाताखाली शिकलेले असतात. पोरगा बारा-चौदा वर्षांचा असताना दुकानात येतो, दोन वर्षे झाडलोट करतो, पाने-पेचकस हातात देतो आणि बघत बघत शिकतो. या परंपरेत हाताला जी सफाई येते ती अनमोल आहे. तिचा अवमान करण्याचे कारण नाही. परंतु त्यात दोन गोष्टी हरवतात. एक तर पोराची शाळा हरवते. दुसरे म्हणजे, असे का होते या प्रश्नाचे उत्तर हरवते. तीन फेजांपैकी एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजांतून प्रवाह वाढतो, वेढे तापतात आणि मोटार जळते. हे कारण ज्याला उमगले तो केवळ मोटार भरून देत नाही, तर शेतकऱ्याच्या स्टार्टरमधला निकामी केलेला ओव्हरलोड रिले पुन्हा जोडून देतो. ज्याला ते उमगले नाही, त्याच्याकडे तीच मोटार त्याच हंगामात पुन्हा येते.

नव्या यंत्रांनी तर या अर्धवट शिक्षणाला जीवघेणे करून ठेवले आहे. ओझोनच्या थराला अपाय करणारे वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमाने बाद होत गेले आणि आजच्या घरगुती शीतकपाटांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू सर्रास भरलेला असतो. जुन्या सवयीने त्याच्या नळीला कोणी डाखाची ज्योत लावली तर स्फोट होऊ शकतो. मायक्रोवेव्ह भट्टीतील कपॅसिटर वीज तोडल्यावरही भारित राहू शकतो. कूलरला अर्थिंग नसेल तर पाण्याने भरलेले लोखंडी खोके म्हणजे घरात ठेवलेला मृत्यूच होय. कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येत असतात. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतलीकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्टाच्या आकड्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु असे प्रशिक्षण जिल्ह्याच्या आणि महानगराच्या ठिकाणी भरते, आणि चार दिवस दुकान बंद ठेवून तिकडे जाणे आड तालुक्यातल्या एकट्या कारागिराला परवडत नाही, हे आराखडा करणाऱ्यांच्या ध्यानात आले पाहिजे.

वस्तुतः हाताचे आणि बुद्धीचे शिक्षण एकत्र देण्याचा विचार या देशाला नवा नाही. वर्धा येथे १९३७ मध्ये नयी तालीमचा उद्घोष झाला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि ज्यांना रूढ शाळेने नापास ठरवले अशा ग्रामीण मुलांना गावाला उपयोगी पडणारी कामे करता करता विज्ञान शिकवले. वीजजोडणी, वेल्डिंग, बांधकाम, शेती या साऱ्यांचा त्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात समावेश असतो. या प्रयोगाचे सार असे की नापास झालेला मुलगा मंद नसतो, त्याला शिकवण्याची रीत चुकलेली असते. अशी सोय प्रत्येक तालुक्याला का नसावी? मराठवाड्याच्या तंत्रशिक्षणाचा अनुशेष वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्येच आकड्यांनिशी मांडला होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री, तारतंत्री, शीतलीकरण असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात. परंतु संस्थेची इमारत उभी राहणे म्हणजे शिक्षण उभे राहणे नव्हे. शिल्प निदेशकाची जागा भरलेली आहे काय, कार्यशाळेत आजच्या काळातील यंत्र उघडून पाहण्यासाठी ठेवलेले आहे काय, आणि गावातला अनुभवी मिस्त्री आठवड्यातून दोन दिवस तेथे शिकवायला येऊ शकतो काय, या कसोट्यांवर तिची परीक्षा झाली पाहिजे.

या शिक्षणात मुलींचे स्थान कोणते, हाही प्रश्न येथेच विचारला पाहिजे. घरातील मिक्सर, इस्त्री, धुलाईयंत्र ही बहुतांशी बाईच्या हातची यंत्रे. ती बिघडली म्हणजे तिचे श्रम वाढतात. मात्र ती दुरुस्त करण्याचे ज्ञान तिला द्यावे असे कोणाला वाटत नाही. तिच्या वाट्याला शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधन यांचे वर्ग येतात. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने अक्षरओळखही नसलेल्या ग्रामीण स्त्रियांना सौर दिव्यांची मंडले जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले, आणि परदेशांतील खेड्यांतूनही स्त्रिया तेथे शिकायला आल्या. तेथील आजीबाईंना जे साधले ते भोकरदनच्या बारावी झालेल्या मुलीला साधणार नाही, असे म्हणण्यास आधार काय?

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा आणि माहितीचा. यंत्र विकत घेणारा त्याचा मालक होतो, अशी भाबडी समजूत आहे. खरी मालकी बनवणाऱ्या कंपनीने आपल्याकडेच ठेवलेली असते. खोके असे चिकटवलेले की उघडताना तुटावे, मंडलाचा नकाशा कोणालाही न देणे, दोनशे-पाचशे रुपयांचा भाग बिघडला तरी सबंध कार्ड बदलायला लावणे, आणि दोन-चार वर्षांत ते कार्डही ‘आता येत नाही’ असे सांगून नवे यंत्र गळ्यात मारणे, ही नफ्याची ठरलेली रीत आहे. मोटारगाड्यांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांपासून अडवून ठेवल्याबद्दलच. घरगुती यंत्रांच्या बाबतीत केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला आणि सदस्य देशांसाठी ३१ जुलै २०२६ ही मुदत घातली. त्यात ठरावीक यंत्रांची दुरुस्ती वाजवी दरात करून देणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. येथील गिऱ्हाईक आणि येथील कारागीर यांनी उत्पादकांच्या सदिच्छेवर का विसंबावे?

करांची आणि योजनांची दिशा पाहिली तर सरकारची सहानुभूती कोठे आहे हे लपून राहत नाही. वातानुकूलन यंत्रे आणि मोठ्या पडद्यांचे दूरचित्रवाणी संच यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवे विकत घेणाऱ्याला सवलत मिळाली, जुने दुरुस्त करून वापरणाऱ्याच्या वाट्याला तशी सवलत आली नाही. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत १८ व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने, दोन हप्त्यांत ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज देण्याची सोय आहे. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, न्हावी यांना तिचा लाभ मिळावा, हे योग्यच. परंतु मोटार भरणारा आणि यंत्र दुरुस्त करणारा त्या १८ मध्ये नाही. त्याचा व्यवसाय ‘पारंपरिक’ नाही म्हणून! जो व्यवसाय बापाकडून मुलाकडे, म्हणजे बहुतेक वेळा जातीकडून जातीकडे आला, त्याला राज्याची मान्यता मिळते आणि जो जन्माने नव्हे तर शिकून मिळवला, तो उघड्यावर राहतो. जातिव्यवस्थेने कामांबरोबर माणसांचीही कायमची वाटणी करून टाकली, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच परखडपणे दाखवून दिले होते. ज्या मोजक्या कारागिऱ्यांत कोणत्याही जातिधर्माचा मुलगा शिरू शकतो, त्यांना तरी राज्याने पुढे होऊन हात द्यावयास हवा होता.

येथे एका अप्रिय सत्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. वाइंडिंगच्या दुकानाची भरभराट बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हानीवर उभी असते. शेतीच्या वाहिनीवर दाब कमी मिळतो, रोहित्रावर प्रमाणाबाहेर भार पडतो, मध्येच एक फेज जातो आणि मोटारी जळतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देण्याची घोषणा राज्य सरकारने केली. विजेचे बिल माफ झाले, परंतु जळालेल्या मोटारीचे बिल शेतकऱ्याच्याच माथी राहिले. एकाचे संकट ही दुसऱ्याची रोजी, अशी ही रचना आहे आणि तिच्यावर कोणतीही नीतिमान स्थिरता उभी राहू शकत नाही. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांच्या संघटनेची पहिली मागणी योग्य दाबाची वीज ही असली पाहिजे. त्यामुळे आपलाच धंदा बुडेल अशी भीती कारागिराने बाळगण्याचे कारण नाही. मोटार जळू नये यासाठी तिची वर्षातून दोनदा तपासणी, अर्थिंगची चाचणी, कपॅसिटर आणि रिले यांची जोडणी, हेही त्याचेच काम आहे. जळाल्यावर भरण्यापेक्षा जळू न देण्याची मजुरी घेणे हे शेतकऱ्याला स्वस्त पडते आणि कारागिराला मानाचे ठरते.

सौर पंपांनी या कामाला आणखी एक वळण दिले आहे. गेल्या काही वर्षांत शासनाच्या योजनांतून शेतांवर सौर पंप बसले. पाच वर्षांची देखभाल पुरवठादार कंपनीकडे असते. नियंत्रक बंद पडला की शेतकरी कंपनीच्या क्रमांकावर फोन करतो आणि माणूस लांबच्या शहरातून येईल तेव्हा येतो. पाच वर्षे संपल्यावर काय? सार्वजनिक पैशाने बसवलेल्या प्रत्येक पंपामागे तालुक्यातलाच प्रशिक्षित कारागीर नेमण्याची अट पुरवठ्याच्या करारात का घातली जाऊ नये? तसे झाले तर शेतकऱ्याची पाण्याची पाळी वाचेल आणि तालुक्यातील कित्येक तरुणांना नियमित कामाची हमी मिळेल. अनुदानाचा पैसा तालुक्यात जिरण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नाही.

आता शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद : कारागिराचे स्वतःचे भवितव्य. स्वतंत्र दुकानदाराला निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. पाठ धरली, डोळे अधू झाले, विजेचा धक्का बसून हात निकामी झाला, की दुकानाला कुलूप. कंपन्यांच्या सेवा केंद्रांसाठी राबणाऱ्या तरुणाची स्थिती याहून बरी नाही. पाठीवर कंपनीचे नाव असलेला सदरा, परंतु बहुधा मजुरी दर फेरीमागे. पेट्रोल त्याचे, दुचाकी त्याची, हत्यारे त्याची आणि गिऱ्हाईकाने शेरा वाईट दिला तर कपातही त्याचीच. तो नोकर म्हणावा तर नोकर नाही आणि मालक म्हणावा तर मालक नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा फिरत्या कामगारांची नोंद कायद्यात घेतली, एवढे झाले. नोंद घेणे आणि हक्क देणे यांत अजून अंतर आहे.

परंतु महाराष्ट्राजवळ या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर फार पूर्वीपासून आहे. हमालाचा मालक कोण, या प्रश्नालाही कधी काळी उत्तर नव्हते. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. माथाडी कामगारांनी आणि हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी लढा दिला, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि त्रिपक्षीय मंडळे स्थापन झाली. मालक अनेक असले तरी प्रत्येकाने मजुरीबरोबर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद व्हायची, अशी ती व्यवस्था. दुरुस्ती तंत्रज्ञांच्या बाबतीत नेमके हेच करता येईल. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे उत्पादकाकडून अल्प लेव्ही घ्यावी, ती राज्याच्या मंडळात जमा व्हावी, आणि नोंदणी झालेल्या प्रत्येक कारागिराला, तो कंपनीच्या फेऱ्या करो वा स्वतःचे दुकान चालवो, तिच्यातून विमा आणि निवृत्तिवेतन मिळावे. ज्याच्या जिवावर कंपनीचे यंत्र विकल्यानंतर दहा वर्षे चालते, त्याच्या म्हातारपणाचा वाटा कंपनीने उचलणे यात अन्याय तो कोणता?

या साऱ्यावर चळवळीतूनच एक आक्षेप येण्याचा संभव आहे. ‘कौशल्य’ हा सरकारचा शब्द, रोजगार देण्याच्या जबाबदारीतून निसटण्यासाठी तो वापरला जातो, मग समाजवाद्यांनी तो का उचलावा? आक्षेप निराधार नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. त्यात औद्योगिक प्रशिक्षण झालेल्या तरुणाला दरमहा ८ हजार रुपये विद्यावेतन देऊन सहा महिने कामावर ठेवले, पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढवली आणि ती संपल्यावर पुढे काय, हे विचारण्यासाठी त्या तरुणांना रस्त्यावर यावे लागले. परंतु फसव्या हाताने पुढे केली म्हणून खरी वस्तू खोटी ठरत नाही. तरुणाच्या हाताला कसब हवेच आणि त्या कसबाला हक्काचे संरक्षणही हवे. सरकार पहिल्याचे नाव घेऊन दुसरे टाळते. चळवळीने दुसऱ्याच्या नादात पहिले टाळू नये.

दुसरा आक्षेप असा की दुरुस्तीचे दुकान ही छोट्या मालकाची वृत्ती, तिच्यातून वर्गीय जाणीव कशी यावी? राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आणि विकेंद्रित उत्पादनाचा विचार मांडला, तो अशाच पुस्तकी शंकांना ओलांडून. ज्या देशात भांडवल थोडे आणि हात अगणित, तेथे हजारो हातांना त्यांच्या गावातच काम देणारे तंत्र हवे, ही त्यामागची दृष्टी होती. दुरुस्तीइतके कमी भांडवल आणि अधिक माणूस लागणारे काम शोधून सापडणार नाही. आणि एकट्या दुकानदाराचा मालकी भाव ही काही अटळ गोष्ट नव्हे. पंधरा-वीस कारागिरांनी सहकारी संस्था नोंदवली तर तांब्याची तार आणि सुटे भाग ठोक भावात आणता येतात. मेगर, निर्वात पंप, वायू परत मिळवण्याचे यंत्र अशी एकट्याला न झेपणारी हत्यारे सामाईक ठेवता येतात. शिकाऊ मुलांना वेतन देता येते आणि मजुरीचे दरपत्रक भिंतीवर लावून गिऱ्हाईकाचा विश्वास मिळवता येतो. साखरेच्या आणि सुताच्या सहकाराचे जे काही झाले ते झाले. घामाचा सहकार अद्याप करून पाहावयाचा आहे.

भोकरदनच्या कार्यकर्त्यांनी याचा आरंभ उद्यापासून करावा असे पुष्कळ आहे. राजूर, हसनाबाद, पिंपळगाव रेणुकाई या बाजारगावांतील प्रत्येक दुरुस्ती कारागिराची नोंद करावी. त्याचे शिक्षण, त्याची हत्यारे, त्याच्या अडचणी लिहून काढाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांना आणि पालकांना एकत्र बसवावे. दुकानात राबणारे चौदा वर्षांखालील पोर दिसले तर त्याला शाळेत पोचवावे आणि त्याच वेळी मालकाला त्याच्या जागी कायद्याने शिकाऊ उमेदवार मिळवून द्यावा. ज्यांचे कसब अनुभवाने सिद्ध झाले आहे, त्यांना परीक्षेने प्रमाणपत्र मिळवून द्यावे. दाब कमी मिळणाऱ्या रोहित्रांची यादी करून शेतकरी आणि कारागीर यांचा एकत्रित मोर्चा वीज कंपनीच्या कार्यालयावर न्यावा. शेतकरी आणि कारागीर यांचे हित परस्परविरोधी नाही, हे भाषणापेक्षा अशा मोर्चाने लवकर पटेल.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत या गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा मण्यांबरोबर हस्तिदंती कोरीव मूर्तीचा अवशेष सापडला आणि १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईच्या राखेतून निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी विद्वानांनी त्याची तुलना केली. दोन हजार वर्षांपूर्वी या केळणेच्या काठी ज्यांनी हस्तिदंत कोरला, त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. वस्तू टिकली, करणारा पुसला गेला. आजही मोटार चालते, पंखा फिरतो, पाणी शेताला पोचते आणि ते चालते ठेवणारा कारागीर म्हातारपणी रिकाम्या हाताने घरी बसतो. कसब शिकण्यास तरुणांनी लाजू नये, असे सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो त्या कसबाला हक्क मिळवून देण्यासाठी त्यांच्याबरोबर उभा राहील. समाजवादी कार्यकर्त्याने तो अधिकार मिळवावा. वाइंडिंगच्या दुकानाची पायरी त्यासाठी फार दूर नाही.